गाड्यांच्या जत्रेत कॉन्कॉर्ड

लंडनला ऑनसाइट आहात आणि म्युझियम म्हटलं की जांभई येते? मग वॉटर्लूहून वेब्रिजची ट्रेन पकडा आणि ब्रुकलँड्स गाठा. तेही जुन्या गाड्यांचा मेळावा असेल त्या दिवशी! चकाचक बॉनेटं, पलीकडे चक्क कॉन्कॉर्ड, आणि शाळांना सुट्टी असेल तर पोरांसाठी कागद-कात्रीचे उद्योग.

विमानांच्या म्युझियममध्ये गाड्या कशाला? तर, रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती तेव्हा, १९०७ मध्ये, ह्यू लॉक किंग या जमीनदाराने पदरचे पैसे घालून इथे काँक्रीटचा रेसट्रॅक बांधला. पाठोपाठ विमानंही इथेच आली. दुसऱ्या महायुद्धात रेस थांबल्या, पण विमानांचे कारखाने धडधडत राहिले. ४ सप्टेंबर १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ८० हून जास्त माणसं गेली.

इथंच बनलेलं एक वेलिंग्टन बॉम्बर १९८५ मध्ये लॉक नेस तळ्याच्या तळातून वर काढलं. त्याचा मोडका सांगाडा स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून पुन्हा उभा केलाय. गाड्यांसोबत फोटो काढून झाले की पाच मिनिटं त्याच्यासमोर थांबाच. आणि हो, ट्रॅकचा उभा चढ चढायचाय, तेव्हा हील्स घरीच ठेवा!