घर, अनुदान आणि व्याजाचा प्रश्न

2018 च्या रमजान ईदनंतर चारच दिवसांनी घरमालकाने आम्हाला खोली खाली करायला सांगितली. मुंब्र्यात कौसा भागात आम्ही आठ वर्षं 'हेवी डिपॉझिट'वर राहत होतो. चार लाख रुपये मालकाकडे ठेवलेले, महिन्याचं भाडं काही नाही. ही पद्धत आमच्याकडे इतकी रुळलेली आहे की तिच्याकडे कधी संशयाने पाहावं असं वाटलंच नव्हतं. मालकाला खोली मुलासाठी हवी होती. त्याने सहा महिन्यांची मुदत दिली, एवढं सौजन्य दाखवलं.

तेव्हा आमची मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. यांची गोदामात हिशेबनिसाची नोकरी आणि माझ्या शिकवण्या मिळून वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या आसपास. आता स्वतःचं घर घ्यायचंच, असं दोघांनी ठरवलं.

समोर दोन रस्ते होते. पहिला आमच्याच गल्लीत. नव्या इमारतीत एक खोली आठ लाखांत मिळत होती. रोख पैसे द्यायचे, नोटरीच्या कागदावर सही करायची आणि चावी घ्यायची. बँक नाही, हप्ता नाही, व्याज नाही. गावाहून आलेले माझे सासरे म्हणाले, "हेच घ्या. लहान का असेना, हलाल असेल."

पण त्या इमारतीला महापालिकेची परवानगी नव्हती. 4 एप्रिल 2013 रोजी शीळ इथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं गेली, ते ठिकाण आमच्या घरापासून दूर नव्हतं. त्या रात्रीच्या रुग्णवाहिकांचे आवाज मी विसरलेले नाही. मी अब्बांना म्हटलं, "अब्बा, हलाल पैशाने घेतलेलं छप्पर मुलांच्या अंगावर पडलं तर?" ते काही बोलले नाहीत.

दुसरा रस्ता बदलापूरचा. तिथे मंजूर नकाशा असलेल्या इमारतीत स्वयंपाकघर आणि एक खोली, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून चौदा लाखांना पडत होती. डिपॉझिटचे चार लाख, माझ्या दागिन्यांचे दीड, कतारमधल्या दिरांनी कर्ज-ए-हसना म्हणून दिलेले दीड आणि साठवलेला एक, असे आठ लाख जमले. सहा लाख कमी पडत होते. ते बँकेकडूनच येणार होते.

बँकेतल्या बाईंनी प्रधानमंत्री आवास योजनेची माहिती दिली. वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि पहिलंच घर घेणाऱ्या कुटुंबाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजाचं अनुदान होतं. वीस वर्षांची ही सवलत आजच्या किमतीत मोजून एकरकमी कर्जखात्यात जमा व्हायची, जास्तीत जास्त 2 लाख 67 हजार. अट अशी की घर बाईच्या नावावर किंवा तिच्यासह असावं, आणि नवरा, बायको व अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर भारतात कुठेही पक्कं घर नसावं. आम्हाला चिपळूणजवळच्या घराची काळजी लागली. पण ते अब्बांच्या नावावर होतं, आणि योजनेच्या व्याख्येत लग्न झालेल्या मुलाचे आईवडील वेगळं कुटुंब धरले जात. म्हणून आम्ही पात्र ठरलो. एका दलालाने "अनुदान मिळवून देतो" म्हणून दहा हजार मागितले होते. बाई म्हणाल्या, "अर्ज इथेच द्यायचा. सहा लाखांपर्यंतच्या कर्जाला प्रक्रिया शुल्कसुद्धा नाही."

घरी अब्बांनी एकच सवाल केला. "व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार, सगळे गुन्ह्यात सारखे आहेत, हे मदरशात शिकली आहेस ना? मग सरकारने थोडं व्याज भरलं म्हणून उरलेलं हलाल कसं झालं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आम्ही दोघं ओळखीच्या एका मुफ्तीसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि आधी डिपॉझिटबद्दल विचारलं. "चार लाख मालकाला दिले आणि त्या बदल्यात आठ वर्षं बिनभाड्याने राहिलात. कर्ज देऊन त्यावर घेतलेला फायदा म्हणजे दुसरं काय?" आम्ही दोघं खाली मान घालून बसलो. ज्या घराला आम्ही व्याजमुक्त समजत होतो, त्याच्या पायातच तो प्रश्न होता.

मग ते म्हणाले, "व्याजाचं कर्ज साध्या सोयीसाठी जायज नाही. पण सरकारी कर्जात अनुदान मिळत असेल आणि जाणारं व्याज त्या अनुदानापेक्षा जास्त नसेल, तर काही उलेमांनी परवानगी दिली आहे. म्हणजे तुमच्या खिशातून एकूण परत जाणारी रक्कम घेतलेल्या रकमेपेक्षा जास्त होता कामा नये. सगळे उलेमा यावर एकमत नाहीत, हेही सांगतो. आता हिशेब तुम्ही करा."

हे हिशेबनीस. त्या रात्री जमिनीवर वही उघडून बसले. सहा लाख, नऊ टक्के, वीस वर्षं, हप्ता सुमारे 5,400. अनुदान जमा झाल्यावर बँक हप्ता कमी करून तीन हजारांच्या आसपास आणते आणि मुदत वीस वर्षंच ठेवते. तसं केलं तर आमच्या हातून सात लाखांहून जास्त जाणार होते, म्हणजे घेतल्यापेक्षा लाखभर जास्त. पण अनुदान आल्यावरही हप्ता 5,400 च ठेवला तर कर्ज साडेसात वर्षांत फिटत होतं आणि आमच्या खिशातून पाच लाखांच्या आत रक्कम जात होती. एकच योजना, एकच बँक. एका रीतीने ती मुफ्तीसाहेबांच्या अटीत बसत होती, दुसऱ्या रीतीने नाही.

आम्ही नोव्हेंबर 2018 मध्ये सही केली. खरेदीखतात पहिलं नाव माझं आहे. अब्बा नोंदणीला आले नाहीत.

अनुदान यायला आठ महिने लागले. ते जमा झाल्याचा संदेश आला आणि पाठोपाठ हप्ता कमी झाल्याचाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही लेखी अर्ज दिला: हप्ता पूर्वीचाच ठेवा, मुदत कमी करा. काउंटरवरचा मुलगा आश्चर्याने म्हणाला, "लोक हप्ता कमी करायला येतात." बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर दंड नसतो, हे तिथेच कळलं.

लॉकडाऊनमध्ये यांचा पगार अर्धा झाला. तीन हजारांचा हप्ता किती सोपा गेला असता, असं तेव्हा अनेकदा वाटलं. दागिने गेलेच होते. त्या दिवसांत अब्बा गावाहून आले, सुपारीच्या पैशांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पन्नास हजार आहेत. जमेल तेव्हा परत कर. पण हे घरात खर्चू नको, बँकेत भर. लवकर बाहेर पडा त्यातून." त्यांचं मत बदललं नव्हतं. ज्या गोष्टीला त्यांचा विरोध होता, तिच्यातून आम्हाला सोडवायला ते आले होते.

2025 च्या जुलैमध्ये शेवटचा हप्ता गेला. सहा लाख घेतले होते, आमच्या हातून 4 लाख 70 हजारांच्या आसपास परत गेले. मूळ करारनामा आणि बँकेचा ना-देय दाखला घरी आणला. अल्हम्दुलिल्लाह.

आज घर शोधणाऱ्या बहिणींसाठी काही गोष्टी सांगते. आम्हाला मिळालेली योजना 31 मार्च 2022 ला बंद झाली. सप्टेंबर 2024 पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. त्यात नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, 35 लाखांपर्यंतचं घर आणि 25 लाखांपर्यंतचं कर्ज चालतं. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के अनुदान आहे, एकूण 1 लाख 80 हजार, पण पाच वार्षिक हप्त्यांत. आणि प्रत्येक हप्त्याच्या वेळी निम्म्याहून अधिक मुद्दल बाकी असावं लागतं. म्हणजे आमच्यासारखं लवकर फेडायला गेलात तर पुढचं अनुदान थांबतं, आणि सावकाश फेडलंत तर व्याज अनुदानाच्या पुढे जातं. आमचं गणित इथे सहजासहजी जुळत नाही.

व्याज टाळायचं असेल तर आधी म्हाडा आणि सिडकोची सोडत बघा. आवास योजनेतल्या त्यांच्या घरांना केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, असे अडीच लाख थेट किमतीतून वजा होतात. ती सरळ मदत आहे, व्याजाशी तिचा संबंध नाही. मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला सहा लाख आहे. अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. सोडतीत नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत मिळते. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही आहे.

मी फतवा देत नाही, तो माझा अधिकार नाही. तुमचं उत्पन्न, तुमची गरज आणि तुमचं कर्ज घेऊन तुमच्या आलिमांकडे जा, पण हिशेबाची वही सोबत न्या. नुसतं "गृहकर्ज चालेल का?" असं विचारलं तर नुसतंच उत्तर मिळतं.

अब्बा गेल्या हिवाळ्यात महिनाभर आमच्याकडे राहिले. त्यांचे पन्नास हजार मी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी मोजले नाहीत. असरची वेळ झाली होती. त्यांनी खिडकीजवळ जानमाज अंथरला आणि विचारलं, "किबला कोणत्या बाजूला आहे गं, या घरात?"