घनकोड्यातील गती

बुडापेस्ट येथे 1982 साली भरलेल्या जागतिक स्पर्धेत मिन थाय याने रुबिकचा घन 22.95 सेकंदांत सोडविला आणि 2023 साली कॅलिफोर्नियात मॅक्स पार्क याने तोच 3.13 सेकंदांत सोडविला, ही दप्तरी नोंद वाचल्यापासून माझे मन विस्मयाने भरून गेले आहे. निरीक्षणासाठी मिळणाऱ्या 15 सेकंदांच्या मुदतीत आरंभीच्या चाली मनात मुक्रर करणारा, अखेरच्या थराच्या रंगदिशेचे 57 व स्थानांतराचे 21 प्रकार ज्याच्या बोटांना मुखोद्गत झाले आहेत असा, आणि हात तुकड्यांची एक जोडी बसवीत असतानाच दृष्टीने पुढची हुडकणारा हा खेळाडू मध्ये क्वचितच थबकतो. चपळ बोटे पुष्कळांना असतात. पार्कच्या श्रेष्ठत्वाचे श्रेय मी त्या अग्रगामी दृष्टीलाच देतो.