तीच जोडी पुन्हा?

लातूरकडे मामा शेतराखणीसाठी कारवान पाळतात. गेल्या वेतात सहाही पिल्लं खणखणीत निघाली. आता गिऱ्हाईकं म्हणतायत, तीच जोडी लावा! मामांनी मला विचारलं.

आपण पडलो कोडवाले. पण इथे तोच प्रोग्राम पुन्हा चालवला तरी आउटपुट वेगळं. गुणसूत्रांच्या ३९ जोड्या, प्रत्येक पिल्लागणिक नवा फासा. शिवाय आई-बाप दोघंही एखाद्या सुप्त दोषाचे वाहक असले, तरी सहाही पिल्लं निरोगी निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के! म्हणजे 'सगळी चांगली निघाली' हा पुरावा नव्हेच.

"मामा, आधी पिल्लं राखणीला उतरू देत."

"अन् तोवर कुत्री म्हातारी व्हायची?"

खरंय. शेवटी ठरलं, यंदा नर परगावचा. जुन्या जोडीचं बघू, पिल्लं कामाला लागल्यावर.