वर्गणीचे आकाशगायन

पैसे देऊन रेडिओ ऐकावा ही कल्पनाच कित्येकांस आज विचित्र वाटते. वस्तुतः रेडिओ बाळगण्यास पूर्वी परवाना लागे; त्याची फी आमचे तीर्थरूप दरसाल पोस्टात भरीत. तेव्हा येथे कळंबास परभणी केंद्र ऐकू येई. ती फी १९८५ साली सुटली आणि रेडिओ फुकटच असावयाचा, अशी आमची समजूत झाली.

अशा काळी ‘वर्ल्डस्पेस’ कंपनीने २००० साली ‘एशियास्टार’ उपग्रह सोडिला. पुढे तिने वर्गणी घेऊन जे ऐकविले, त्यातील ‘गंधर्व’ वाहिनी केवळ हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची होती. आमच्या धाकट्या बंधूंस गाण्याचा नाद. त्यांनी संच घेण्याचा आग्रह धरिला. मोडता आम्हीच घातला. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. त्याच्याकडे अँटिनाचे तोंड हवे, मध्ये भिंत आली की गवई मुका! आमचे तर घर जुने, भिंती हातभर रुंद.

अमेरिकेत असा रेडिओ तगला तो मोटारींमुळे. एकटा मनुष्य तासन् तास गाडी हाकतो, त्यास करमणूक हवी. येथे ३१ डिसेंबर २००९ रोजी सेवा बंद पडली. आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांच्या हाती निर्जीव यंत्रे उरली. तथापि फुकटाने गुणावर बाजी मारली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. अहोरात्र रागदारी देण्यास आकाशवाणीस २०१६ साल उजाडले; ‘रागम्’ तेव्हा निघाली.

ती बंधू मोबाईलवर लावीत. इंटरनेटचे पैसे तेच भरतात. आम्ही विचारीत नाही.