वारा, बंदर आणि पहारा

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या बुरुजावर सायंकाळी उभे राहिले, म्हणजे खाली उल्हास नदीच्या खाडीचे ओहोटीने उघडे पडलेले पात्र, काठचे तिवर आणि चिखलात कलंडून भरतीची वाट पाहणारी एखादी होडी दृष्टीस पडते. आणि डोंबिवलीहून लोकलने येताना मनात घोळत असलेला प्रश्न तेथे नव्याने उभा राहतो. प्राचीन रोमन लोक अटलांटिक महासागर ओलांडून, नावही ठाऊक नसलेल्या भूमीला लागू शकले असते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे पश्चिमेकडे पाहतात. माझी नजर मात्र या खाडीकडे वळते, कारण महासागर ओलांडणारी रोमन साम्राज्यातील गलबते ज्या बंदरांना ठाऊक होती, त्यांत आपले कल्याण होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शक ग्रंथात कल्याणचा ‘कल्लिएना’ म्हणून निर्देश आहे. तांबड्या समुद्रावरील मायोस होर्मोस व बेरेनिके या बंदरांतून ही गलबते जुलैच्या सुमारास निघत, आणि नैर्ऋत्य वारा शिडांत भरून घेऊन भारताचा किनारा गाठत. एकट्या मायोस होर्मोसहून वर्षाला 120 गलबते भारताकडे जात, असे भूगोलकार स्ट्राबोने नमूद केले आहे. आपला कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून समुद्रावर जाण्यास सिद्ध होतो, त्याच्या आगेमागे ही परकी शिडे या किनाऱ्यावर दिसू लागत असली पाहिजेत. मद्य, तांबे, कथील, पोवळे उतरवावे, सुती वस्त्रे भरून घ्यावीत आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की परतावे, अशी ही वहिवाट होती.

या वहिवाटीत मला त्या प्रश्नाचे उत्तर दिसते. गलबत बांधण्याचे कसब आणि खलाशांचे धैर्य रोमनांपाशी होतेच. कॅनरी बेटे त्यांना ठाऊक होती आणि तेथून पश्चिमेला नेणारा वाराही वाहत होता. परंतु नेणाऱ्या वाऱ्याइतकीच परत आणणाऱ्या वाऱ्याचीही खात्री लागते, आणि पैलतीरी कोणीतरी माल घेऊन उभा असावा लागतो. येथे वारा सहा महिन्यांनी उलटत असे, त्याचे मर्म अरब व भारतीय तांडेलांना आधीपासून अवगत होते, आणि बंदरामागे घाटमाथ्यापर्यंत एक संपन्न मुलूख पसरला होता. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण, कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानांची नोंद करणारे कान्हेरीचे शिलालेख, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातील ज्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची (परदेशीयांची) दाने कोरलेली आहेत ते स्तंभ, हे सर्व त्या मुलखाचे साक्षीदार आहेत. परदेशी मनुष्य येथल्या लेण्याला खांब देतो, तेव्हा ही भूमी त्याला अज्ञात उरलेली नसते.

परंतु ‘पेरिप्लस’मध्येच एक खेदजनक हकीकतही आहे. थोरल्या सरगनस राजाच्या अंमलात कल्याण ही व्यापाराची सनदशीर पेठ होती. पुढे संदनेस नावाच्या दुसऱ्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यावर तिला अडसर बसला, आणि चुकून येथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. हजारो मैलांच्या खवळलेल्या समुद्राला जे जमले नाही, ते किनाऱ्यावरील दोन सत्तांच्या कलहाने केले. म्हणून मला वाटते, की महासागर ओलांडण्याचे निम्मे श्रेय ओलांडणाऱ्याचे असले, तर निम्मे त्याला बंदरात उतरू देणाऱ्याचे असते. आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या दुसऱ्या निम्म्याची दखल फार थोडी घेतली जाते.

तो पहारा कायमचा राहिला नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने भारतातील मोठ्या व्यापारी बंदरांची नावे लिहिली, तेव्हा त्यांत कल्याण पुन्हा होते.