पट्टी डॉक्टर वाचतील, कारण आपण सांगू या

मैत्रिणींनो, घरात कुणाचा ई.सी.जी. काढला की ती बारीक चौकटींची पट्टी आपण फाईलीत ठेवून देतो. "त्या नागमोडी रेघांतलं आपल्याला काय कळायचं!" असं म्हणून मोकळ्या होतो. पण त्या रेघांचं निम्मं उत्तर कधीकधी आपल्याच घरात असतं, बरं का!

आमच्या सासूबाईंचंच बघा ना. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती. त्यात वाशिमचा वैशाख आणि दोन दिवस जुलाब. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पायात जीवच नाही राह्यला वं बाई." छातीत धडधडही होती. दवाखान्यात पट्टी बघताच डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोणत्या? जुलाब किती झाले?" मी सगळं सांगितलं. रक्त तपासलं, तर पोटॅशियम २.६! ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. सलाईनमधून हळूहळू पोटॅशियम दिलं, तेव्हा पायांत ताकद आली.

डॉक्टरांनी मला पट्टी समजावून सांगितली. ठोक्याचा उंच सुळका, त्यामागे 'टी' नावाची गोलसर लाट. डच शास्त्रज्ञ आइंथोव्हेन यांनी लाटांना ही अक्षरं दिली. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. पोटॅशियम घटलं की 'टी' सपाट होते, तिच्या आधीची रेघ खाली झुकते आणि मागे 'यू' नावाचा उंचवटा डोकावतो. हृदयाचा ताल बिघडून जिवावरही बेतू शकतं. मात्र पट्टी ठीक दिसली तरी पोटॅशियम कमी असू शकतं. खरा निवाडा रक्ततपासणीचा.

पट्टी वाचणं डॉक्टरांचं काम. पण क्षार का घटला, त्याचा धागा आपल्या हाती असतो. म्हणून जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या. जुलाब-उलट्या किती झाल्या ते सांगायला लाजू नका. गोळी मनाने बंदही करू नका.

आणखी एक. मीठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशियम नसतं; ओ.आर.एस.च्या पुडीत असतं. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती कालवा. शहाळं, केळं यांतूनही ते मिळतं. पण मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही देऊ नका. तिथे पोटॅशियम वाढण्याचंच भय! आणि पायातली ताकद गेली, धडधड वाढली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

आजच दुपारी सवड काढून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून ठेवाल ना?