ओतोनाशी

परवा शनिवारी माळा आवरताना टोकियोहून आणलेली जुनी बॅग हाती लागली. आत लेकीची जपानीची शाळेतली वही. पहिली नऊ पानं भरलेली, बाकी सगळी कोरी. साफसफाई अर्थातच तिथेच थांबली.

तर झालं असं की २००८ साली आम्ही ऑनसाईटला टोकियोला गेलो. लेक तेव्हा पाच वर्षांची. घर निशी-कासाईला. (तिथे राहून आलेली मंडळी इथे हसतील.) तोझाई लाईनने ओतेमाचीला गाडी न बदलता जाता येतं, आणि यूआरच्या निमसरकारी इमारतींत घर घ्यायला ना जामीनदार लागतो ना घरमालकाच्या हातावर 'की मनी' ठेवावी लागते. त्यामुळे वायटूकेच्या वेळेपासून भारतीय इंजिनियरांनी या भागात बस्तान मांडलेलं. खाली उतरलं की कोणीतरी "काय, केव्हा आलात?" विचारणारं भेटायचंच.

परदेशी मुलांना जपानमध्ये शाळा सक्तीची नाही. पण वॉर्ड ऑफिसात अर्ज केला तर सरकारी शाळेत प्रवेश मिळतो, फी नाही. आम्ही त्या फंदात पडलो नाही. टोकियोत २००४ पासून भारतीय शाळा सुरू झाल्या होत्या, बोर्ड आपलाच, पुस्तकं आपलीच. लेकीला तसल्याच एका शाळेत घातलं.

शाळेत आठवड्याला दोन तास जपानी असायचं. सेन्सेई मुलांकडून गाणी म्हणून घ्यायच्या, कागदाचे बेडूक करून घ्यायच्या. दुसऱ्या वर्षी पालकसभेत एका बाबांनी विचारलं, "याचे मार्क धरतात का?" धरत नव्हते. झालं! "आपण इथे दोन-तीन वर्षं, पुढे पुण्यात हिरागाना कोण विचारणार?" इथपासून सुरू होऊन एक तास गणिताला द्यावा असा अर्जच तयार झाला. खोटं कशाला बोलू, सही मीही केली. माझ्या प्रोजेक्टला सहा-सहा महिन्यांनी एक्स्टेन्शन मिळायचं. जपानी प्राथमिक शाळेत तेव्हा सहा वर्षांत १,००६ कांजी शिकवायचे. व्हिसाच्या तारखेला कांजीने भागून पाहिलं, उत्तर फारसं बरं आलं नाही.

आणि हे म्हणणारा मी कोण? तर पुण्यात दोन वर्षं संध्याकाळी ऑफिसातून धावतपळत रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकलेला मनुष्य! त्याच जोरावर ऑनसाईट मिळालं होतं. मराठी माणसाला ही भाषा वाक्यरचनेत तरी जड जात नाही. क्रियापद शेवटी, आपल्या 'ला', 'ने'सारखे प्रत्यय शब्दाच्या मागे. जीव काढतात त्या कांजी. म्हणजे मी शिकलो कारण त्याचे पैसे मिळणार होते, आणि लेकीला मिळणार नव्हते म्हणून तिचा तास कापला. गंमत म्हणजे २००७ च्या आसपास जपानमध्ये 'भारतीय गणिता'ची लाट आली होती आणि काही जपानी आईबाप मुलांना भारतीय शाळांत घालत होते.

असो. आमच्या खालच्या मजल्यावर लेकीच्याच वयाची एक मुलगी होती. दोघी संध्याकाळी इमारतीखालच्या बागेत झोपाळ्यावर असायच्या. एकदा लिफ्टमध्ये तिची आई लेकीकडे बघून मला म्हणाली, "ओतोनाशी देसु ने." हा शब्द परीक्षेच्या यादीत पाठ केलेला. शांत, गुणी. मी खूश होऊन दोनदा वाकलो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसतच सुटली. "शांत? आपली?" बालवाडीपासून प्रत्येक प्रगतीपुस्तकात 'टॉकेटिव्ह' असा शेरा मिळवणारी आमची कन्या, झोपेतही बडबडते.

दोन दिवसांनी बायको हसत नव्हती. म्हणाली, "अरे, ती खरंच बोलत नाही तिथे. मी गॅलरीतून बघत होते. ती मुलगी बोलते आणि आपली नुसती मान हलवते."

त्यानंतर मी घरी शिकवायचं ठरवलं. नऊ पानांतली शेवटची चार माझीच. मग एक रिलीज आलं, मग दुसरं. हे सांगण्यासारखं नाही.

११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा मी ओतेमाचीत अडकलो होतो. गाड्या बंद, फोन लागेना. इकडे इमारतीबाहेरचा भोंगा काहीतरी सांगत होता आणि बायको खिडकीशी उभी राहून ते न कळता ऐकत होती. शेवटी खालची बाई वर आली. हातवारे करून, टबाकडे बोट दाखवून, तो पाण्याने भरून ठेव म्हणाली. तिची मुलगी सोबत होती, माझी लेक शेजारी उभी होती, आणि चौघींत कोणालाच दुसरीचं एक वाक्य सांगता येईना. चार वर्षांपैकी तीन वर्षं तोपर्यंत झाली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एका मित्राने मुलाला जपानी सरकारी शाळेत घातलं. पोरगा दीड वर्षात खाडखाड बोलायला लागला. पण पाचवीत पुण्याला परत आल्यावर इंग्रजी, हिंदी, मराठी तिन्हींत मार खाल्ला, रोज रडायचा. तेव्हा त्या सभेतले पालक अगदीच मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. हिशेब बरोबरच होता. फक्त तो हिशेब परत आल्यानंतरच्या दिवसांचा होता, तिथे काढायच्या दिवसांचा त्यात रकानाच नव्हता.

आम्ही २०१२ मध्ये परतलो. निघायच्या दिवशी खालची मुलगी लेकीच्या हातात काहीतरी देऊन गेली होती. बॅगा बांधायच्या गडबडीत कोणी बघितलं नाही. परवा ते त्या वहीच्या कोऱ्या पानांत मिळालं. एक कार्ड, सगळं हिरागानात. अक्षर लावत लावत वाचलं. वर तिचा पत्ता, आणि खाली, "पत्र पाठव. चित्र काढून पाठवलंस तरी चालेल."

फोटो काढून लेकीला बंगलोरला पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"बाबा, वाचून दाखव ना."